सदाशिव पेठेतला रविवारचा जावा वेब क्लास : आठ रविवार, सगळं हाताने

आठही रविवार पूर्ण झाले, प्रोजेक्ट चालू आहे, लोक वापरतायत, म्हणून आता सविस्तर लिहिते. पुण्यात जावा वेबचा क्लास शोधणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

आधी माझं सांगते म्हणजे कुठल्या नजरेने लिहितेय ते कळेल. बीएस्सी कॉम्प्युटर, दोन वर्षं नोकरी, मग मुलगी लहान म्हणून सात वर्षं घरी, आता परत सुरुवात करायची होती. याच्या आधी मी दुसरीकडे एक क्लास केला होता, एसी हॉल, मोठा स्क्रीन, पस्तीस हजार फी. तिथे पहिल्याच दिवशी स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कचा (म्हणजे बरंचसं काम आधीच करून ठेवलेला सांगाडा) तयार प्रोजेक्ट उतरवून घेतला, चार ॲनोटेशन (कोडवर लावायच्या @ च्या खुणा) लावली, ब्राउजरमध्ये हॅलो दिसलं, सगळे खूश. पुढे एका इंटरव्ह्यूला मला विचारलं की ब्राउजरमधली रिक्वेस्ट (पान मागणारी विनंती) तुमच्या मेथडपर्यंत (कोडच्या त्या तुकड्यापर्यंत) पोचते कशी, तर मला एक वाक्य धड सांगता आलं नाही. घरी येताना बसमध्ये रडू आवरत नव्हतं. पैसे गेले त्यापेक्षा तीन महिने गेले याचं वाईट वाटलं.

हा क्लास एका ओळखीच्या मुलाने सुचवला. जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही, एका खोलीत बारा जण आणि एक व्हाइटबोर्ड. फी साडेसात हजार, दर रविवारी नऊ ते एक. सरांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं की सहा रविवार कुठलंही फ्रेमवर्क नाही, फक्त सर्व्हलेट (रिक्वेस्ट घेणारा जावा कोड), जेएसपी (एचटीएमएलमध्ये जावा मिसळलेलं पान), टॉमकॅट (हे चालवणारा सर्व्हर) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस), ज्यांना पटत नसेल त्यांनी आजच फी परत न्यावी. दोघं गेले, त्यांना खरंच परत मिळाली.

प्रत्येकाने आपल्या ओळखीचं काम घ्यायचं होतं. मी आमच्या सोसायटीचं वाचनालय घेतलं, सहाशेच्या आसपास पुस्तकं आणि दर वर्षी दिवाळी अंकांची योजना, सगळी देवघेव एका काकांच्या वहीत. पहिल्या रविवारी सरांनी आम्हाला मुद्दाम चुकीच्या पद्धतीने करायला लावलं. म्हणजे प्रत्येक पानाच्या जेएसपीतच डेटाबेसचं कनेक्शन, क्वेरी, दंडाचा हिशोब आणि टेबल, सगळं कोंबायचं. झालं पटकन, दीड तासात पान दिसायला लागलं आणि मला वाटलं एवढं सोपं आहे की. मग दुसऱ्या रविवारी सर आले आणि म्हणाले, "कमिटीने दंड दिवसाला एक रुपयाचा दोन रुपये केला. बदला." बस एवढंच. माझ्या चार पानांत तो हिशोब होता, मी तीन पानं बदलली, पावतीचं पान राहिलं. सात दिवस उशीर झालेल्या पुस्तकाला यादीत चौदा रुपये आणि पावतीवर सात. वर्गात कुणाचंच सगळं बरोबर आलं नाही. ती दोन आकड्यांची गोष्ट माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही, कारण एमव्हीसी (कोडचे तीन वेगळे भाग करायची पद्धत) कशासाठी ते मला त्या चौदा आणि सातमध्ये कळलं.

त्यानंतर सरांनी मॉडेल (माहिती आणि नियम), व्ह्यू (दिसणारं पान), कंट्रोलर (दोघांमधला दुवा), म्हणजेच एमव्हीसी, हे शब्द पहिल्यांदा बोर्डवर लिहिले. इतिहास दहाच मिनिटं सांगितला, की ही कल्पना वेबच्या आधीची आहे, ट्रिग्वे रीन्सकाउग या नॉर्वेच्या माणसाने १९७९ मध्ये झेरॉक्सच्या पार्क लॅबमध्ये स्मॉलटॉकसाठी मांडली, वेबवर ती जावावाल्यांनी नंतर आणली आणि सर्व्हलेट-जेएसपीच्या त्या मांडणीला मॉडेल टू म्हणायचे. मग पुढचे तीन रविवार आम्ही तेच वाचनालय फोडून परत बांधलं. मॉडेल म्हणून पुस्तक, सदस्य, देवघेव असे साधे जावा क्लास (कोडचे वेगवेगळे गट), दंड काढायचं काम देवघेव या क्लासकडे आणि फक्त त्याच्याकडेच. डेटाबेसशी बोलणारा कोड वेगळ्या क्लासमध्ये. सर्व्हलेट हा कंट्रोलर, त्याने फक्त रिक्वेस्टमधून काय आलंय ते घ्यायचं, मॉडेलला विचारायचं, उत्तर रिक्वेस्टला चिकटवायचं आणि जेएसपीकडे फॉरवर्ड करायचं. जेएसपी हा व्ह्यू, त्याने फक्त दाखवायचं.

सरांचे तपासायचे नियम अगदी साधे होते आणि मी ते अजून पाळते. मॉडेलच्या फाइलमध्ये सर्व्हलेट हा शब्द दिसला की परत घरी न्या. जेएसपीत सिलेक्ट हा शब्द (म्हणजे डेटाबेसची क्वेरी) दिसला की परत. सगळ्या जेएसपी वेब-इन्फ फोल्डरच्या आत ठेवायच्या, म्हणजे ॲड्रेस टाइप करून कुणी थेट उघडू शकत नाही, कंट्रोलरमधूनच यावं लागतं. सर प्रत्येकाच्या लॅपटॉपवर येऊन जेएसपीचा थेट पत्ता टाकून बघायचे, आणि ४०४ (पान सापडलं नाही) आलं की पाठ थोपटायचे.

४०४ वरून आठवलं, तिसरा रविवार आमचा अर्धा एका एररमध्ये गेला आणि तो मी वाया गेला असं मानत नाही. कोड कंपाइल होतोय, टॉमकॅट ८०८० वर चालू आहे, तरी पान ४०४. पाच जणांना सेम. कारण असं की आमच्याकडे टॉमकॅट १० होता आणि कोड इंटरनेटवरच्या जुन्या व्हिडिओतून घेतलेला, त्यात इम्पोर्ट जावाएक्सने सुरू होणारे. जावा ईई (जावाचा सर्व्हरसाठीचा भाग) ऑरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं आणि नाव जकार्ता झालं, टॉमकॅट १० पासून पॅकेजची नावंही जकार्ता झाली, त्यामुळे जुन्या नावाचं ॲनोटेशन टॉमकॅटला दिसतच नाही, तो सर्व्हलेट त्याच्या लेखी नाहीच. सरांना माहीत होतं हे उघड आहे, पण त्यांनी तासभर आम्हाला शोधू दिलं. कुणी नवीन शिकत असाल तर एवढं नक्की बघा, टॉमकॅट ९ असेल तर जावाएक्स, १० किंवा पुढचा असेल तर जकार्ता, आम्ही यात किती डोकं लावलं ते आम्हालाच माहीत.

पाचव्या रविवारी माझ्या यादीत सदस्यांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं यायला लागली. मराठी नावं, दुसरं काय. पूर्वी मी घाबरून सगळीकडे थोडं थोडं बदलत बसले असते. आता मी टेबल उघडलं, नावं नीट. सर्व्हलेटमध्ये ब्रेकपॉइंट (कोड थांबवून आतलं बघायची खूण) लावला, व्हेरिएबलमध्ये नावं नीट. म्हणजे मॉडेल नाही, कंट्रोलर नाही, राहिला व्ह्यू, आणि जेएसपीच्या वर यूटीएफ-८ (मराठी अक्षरं चालणारं एन्कोडिंग) सांगणारी ओळच नव्हती. दहा मिनिटांत मिटलं, कुणाला न विचारता. मी खाली अमृततुल्यमध्ये चहाला गेले आणि बरोबरच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना हे सांगताना माझा आवाज किती चढला होता ते मलाच जाणवत होतं. "ताई, तुम्ही आज सगळ्यात पुढे," असं एक मुलगा म्हणाला, मला फार बरं वाटलं.

अजून तीन गोष्टी तिथे डोळ्यांनी बघितल्या म्हणून पक्क्या झाल्या. सर्व्हलेटचा ऑब्जेक्ट एकच असतो आणि सगळ्यांच्या रिक्वेस्ट त्याच्यावरच येतात, म्हणून सदस्याचं नाव क्लासच्या फील्डमध्ये ठेवायचं नाही. सरांनी दोन लॅपटॉपवरून एकाच वेळी फॉर्म भरायला लावला आणि एकीच्या पावतीवर दुसरीचं नाव आलं. आणि पुस्तक दिल्यावर पान रिफ्रेश केलं की तेच पुस्तक परत दिल्याची नोंद व्हायची, ते पोस्टनंतर (फॉर्म पाठवल्यावर) फॉरवर्ड न करता रीडायरेक्ट केलं (ब्राउजरला नव्या पत्त्यावर पाठवलं) की थांबतं. आणि सरांनी सर्च बॉक्समध्ये अवतरणचिन्ह टाकून सगळी यादी बाहेर काढून दाखवली तेव्हापासून प्रिपेअर्ड स्टेटमेंटशिवाय (टाइप केलेला मजकूर क्वेरीपासून वेगळा ठेवायची पद्धत) मी एक क्वेरी लिहिलेली नाही.

शेवटच्या दोन रविवारी स्प्रिंग एमव्हीसी घेतलं आणि ते मला पहिल्यांदा खरंच समजलं. डिस्पॅचर सर्व्हलेट म्हणजे आपण हाताने लिहिला तसाच एक सर्व्हलेट, सगळ्या रिक्वेस्टच्या पुढे उभा राहून कुठली कुठे द्यायची ते ठरवणारा. ज्या प्रश्नाने मला बसमध्ये रडवलं त्याचं उत्तर मी आता बोर्डवर काढून दाखवू शकते.

आता जे कमी पडलं तेही लिहिते. टेस्टिंगला जेमतेम अर्धा तास दिला आणि हे मला खटकलं, कारण मॉडेल एवढं वेगळं काढल्यावर त्याच्या टेस्ट लिहिणं इतकं सोपं होतं, तिथे एक अख्खा रविवार हवा होता. लॉगिन आणि पासवर्ड हॅश करणं (उलट वाचता येणार नाही असा साठवणं) सातव्या आठवड्यात आलं, खूप आधी यायला हवं. सर बोलतात भरभर, रेकॉर्डिंग देत नाहीत, नोट्स देत नाहीत, एक रविवार चुकला तर दुसऱ्याच्या वहीवरून भरून काढावं लागतं. सर्टिफिकेट, प्लेसमेंट काही नाही. पार्किंगचा विचारच करू नका, मी धायरीहून बसनेच यायचे. दिसायला आमची पानं साधीच राहिली, सीएसएस तुमचं तुम्ही बघायचं. आणि जावा अजिबात येत नसेल तर आधी क्लास, ऑब्जेक्ट, कलेक्शन एवढं शिकून या, नाहीतर दुसऱ्या रविवारी मागे पडाल.

माझं वाचनालय सध्या सोसायटीच्या ऑफिसमधल्या जुन्या पीसीवर चालतं. काका पहिले पंधरा दिवस वही आणि कॉम्प्युटर दोन्ही ठेवत होते, आता वही कपाटात गेली. मागच्या महिन्यात कमिटीने दिवाळी अंकांना सात दिवसांची मुदत आणि पुढे दिवसाला पाच रुपये असं खरंच ठरवलं. मी सकाळी डबा भरायच्या आधी देवघेव क्लासमधली एक मेथड बदलली, परत डिप्लॉय केलं (सर्व्हरवर चढवलं), आणि काकांना फोन करून म्हटलं यादी आणि पावती दोन्ही बघा. दोन्हीकडे आकडा तोच होता.

पुढची बॅच घेणार असाल तर लॅपटॉपला ८ जीबी रॅम तरी असू द्या, एक्लिप्स, टॉमकॅट आणि मायएसक्यूएल एकत्र चालवायचं असतं, आणि एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन जा, खोलीत प्लग तीनच आहेत.