मृत्युपत्र, लिव्हिंग ट्रस्ट की लाभार्थ्याचा फॉर्म? अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांसाठी

घर, ४०१(के) (नोकरीतलं निवृत्ती खातं) आणि लहान मुलं असलेल्या कुटुंबाने मृत्युपत्र करावं की लिव्हिंग ट्रस्ट (हयातीतच मालमत्ता ज्याच्या नावे करून ठेवायची असा ट्रस्ट), असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, राहता कुठल्या राज्यात? अमेरिकेत वारसा, ट्रस्ट आणि प्रोबेट (मृत्यूनंतर न्यायालयामार्फत मालमत्ता वारसांकडे जाण्याची प्रक्रिया) हे विषय राज्यांच्या हाती आहेत आणि राज्यं आपापले कायदे सतत बदलत असतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या मित्राने ट्रस्ट केला म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनमध्येही तोच करायचा, यात पैसे उगाच जातात. एडिसनचं पाहून सॅन होजेत नुसत्या मृत्युपत्रावर थांबणं मात्र त्याहून महागात पडतं.

कॅलिफोर्नियात प्रोबेटच्या वकिलाची कमाल फी कायद्यातच लिहिलेली आहे. पहिल्या एक लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या एक लाखावर ३, त्यापुढच्या आठ लाखांवर २. दहा लाखांच्या घराला हे २३,००० डॉलर होतात आणि एक्झिक्युटरलाही (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यालाही) तेवढेच मागता येतात. हिशेब घराच्या पूर्ण किमतीवर होतो. सात लाखांचं कर्ज बाकी असलं तरी ते वजा होत नाही. १ एप्रिल २०२५ पासून साडेसात लाखांपर्यंतचं मुख्य राहतं घर सोप्या अर्जावर वारसांच्या नावे करता येतं, ही चांगली सुधारणा झाली. पण सॅन होजे जिथे आहे त्या सांता क्लारा काउंटीतल्या स्वतंत्र घराला ती मर्यादा सहसा पुरत नाही. कॅलिफोर्नियात घर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ट्रस्ट करा. आणि घराचं डीड (मालकीचा दस्त) ट्रस्टच्या नावे नोंदवून घ्या. ते राहिलं तर सुरेख बांधलेली ट्रस्टची फाइल कपाटातच राहते आणि घर प्रोबेटला जाऊ शकतं.

न्यू जर्सीत चित्र वेगळं आहे. मृत्यूला दहा दिवस उलटले की मूळ मृत्युपत्र आणि मृत्यूचा दाखला घेऊन काउंटीच्या सरोगेटकडे (प्रोबेटचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जायचं. कोणाची हरकत नसेल तर काम लवकर होतं आणि फीही मामुली असते. साध्या कुटुंबाला तिथे नीट साक्षांकित केलेलं मृत्युपत्र पुरतं. राज्याचा इस्टेट टॅक्स (मृताच्या एकूण मालमत्तेवरचा कर) २०१८ पासून गेला, वारसा-कर (वारसाला मिळणाऱ्या वाट्यावरचा) मात्र आहे. जोडीदार, मुलं आणि आईवडिलांना तो शून्य. बहीणभावांना २५,००० डॉलरच्या पुढे ११ ते १६ टक्के, आणि भाच्या-पुतण्यांना जवळजवळ पहिल्या डॉलरपासूनच १५ टक्के. ट्रस्ट केल्याने हा कर चुकत नाही, म्हणून त्या आशेवर तो करू नका.

टेक्सासमध्ये न्यायालयाची देखरेख नाममात्र ठेवून एक्झिक्युटरला बहुतेक काम करता येतं. शिवाय २०१५ पासून मृत्यूनंतर घर कोणाला जावं याचं डीड हयातीतच काउंटीत नोंदवता येतं आणि हवं तेव्हा रद्दही करता येतं.

ट्रस्ट केला तरी मृत्युपत्र हवंच, कारण अज्ञान मुलांचा पालक कोण व्हावा हे त्यातच लिहिलं जातं.

आता निवृत्ती खातं. कित्येक घरांत घरापेक्षा मोठी रक्कम इथेच असते, आणि ती मृत्युपत्राला जुमानत नाही. लाभार्थ्याच्या फॉर्मवर ज्याचं नाव, त्याचे पैसे. भारतात नॉमिनी हा सहसा फक्त सांभाळणारा. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तेच पुन्हा सांगितलं. त्या सवयीने इकडचा फॉर्म भरू नका. इथे नाव असलेली व्यक्ती मालक होते.

राज्याचा कायदा सुधारला तरी प्रत्येक वेळी तो कामी येतो असंही नाही. घटस्फोट झाला की लाभार्थी म्हणून जुन्या जोडीदाराचं नाव आपोआप बाद, असा वॉशिंग्टन राज्याचा कायदा होता. बोइंगचा एक कर्मचारी घटस्फोटानंतर काही महिन्यांत मृत्युपत्राविना वारला, फॉर्मवर नाव पूर्वपत्नीचंच. २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नोकरीतल्या योजनांना केंद्राचा कायदा लागू, त्यामुळे राज्याचा नियम तिथे चालणार नाही. हरली ती त्याची, या पूर्वपत्नीच्याही आधीच्या लग्नाची मुलं.

मग लाभार्थी म्हणून नाव कोणाचं, माणसाचं की ट्रस्टचं? जोडीदार समंजस असेल तर थेट जोडीदाराचं. जोडीदाराला ती रक्कम स्वतःच्या आयआरएमध्ये (वैयक्तिक निवृत्ती खात्यात) वळवता येते. मध्ये ट्रस्ट आला की ही मोकळीक सहसा जाते. मुलं अज्ञान असतील तर दुसरा लाभार्थी (पहिला हयात नसेल तर) म्हणून ट्रस्ट ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. २०२० पासून बहुतेक वारसांना खातं दहा वर्षांत रिकामं करावं लागतं. अज्ञान मुलाच्या बाबतीत ही दहा वर्षं त्याच्या एकविसाव्या वर्षानंतर सुरू होतात. ट्रस्टमध्ये साठून राहिलेल्या उत्पन्नावर मात्र २०२५ च्या दरांनुसार १५,६५० डॉलरच्या पुढेच ३७ टक्के केंद्रीय कर लागतो.

‘पत्नीला उत्पन्न, तिच्यामागे मुलांना मुद्दल’ असं लिहिलेला जुना ट्रस्ट आयआरएचा लाभार्थी असेल तर तो आवर्जून काढून वाचा. राज्यांच्या जुन्या नमुना-कायद्यात (राज्यांनी स्वीकारावा म्हणून केलेल्या मसुद्यात) खात्यातून दर वर्षी सक्तीने काढायच्या रकमेतले फक्त १० टक्के उत्पन्न धरले जात, उरलेले ९० टक्के मुद्दल. म्हणजे ४०,००० डॉलर आले तर पत्नीच्या हाती ४,०००. २०१८ च्या नव्या नमुना-कायद्याने हा ढोबळ नियम टाकून खात्याने आत खरोखर किती कमावलं ते पाहायला सांगितलं. कॅलिफोर्नियात तो २०२४ पासून लागू आहे, पण सगळ्या राज्यांनी घेतलेला नाही. तुमच्या राज्यात कोणता नियम चालतो, हे वकिलाला नेमकं विचारा.

भारताशी धागा असेल तर आणखी काही गोष्टी येतात. पुण्यातल्या भावाला एकट्यालाच पुढचा ट्रस्टी (ट्रस्ट सांभाळणारा) नेमलंत आणि महत्त्वाचे निर्णय त्याच्या हाती गेले, तर अमेरिकी करकायद्यात तुमचा ट्रस्ट परदेशी ठरू शकतो आणि माहिती-फॉर्मांचा डोंगर उभा राहतो. अमेरिकेतला रहिवासी सहट्रस्टी कोणत्या अधिकारांनिशी द्यावा, हे वकिलाकडून लिहून घ्या. अमेरिकी नागरिक नसलेली व्यक्ती कायमची भारतात परतली, तर तिच्या अमेरिकेतल्या मालमत्तेला, ४०१(के) धरून, केंद्राच्या इस्टेट टॅक्समधून सूट ६०,००० डॉलरचीच. आणि कोथरूडच्या फ्लॅटसाठी भारतात वेगळं मृत्युपत्र करा. दोन्हींपैकी नंतरच्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे ठरावीक वाक्य राहिलं तर ते पहिलं मृत्युपत्रही रद्द करू शकतं. प्रत्येकात ‘फक्त या देशातल्या मालमत्तेपुरतं’ असं स्पष्ट लिहून घ्या.