काचेच्या बाटल्या भंगारात द्यायच्या का घरीच वापरायच्या?
सोलापुरात आमच्या घरी बाटल्या साठल्या की दोनच रस्ते, भंगारवाला नाहीतर घरातच वापर. भंगारातली काच वितळून परत बाटली होते, कितीही वेळा, क्वालिटी तीच राहते, पण भट्टी १५०० अंशांच्या आसपास तापवावी लागते आणि त्यात चिनीमातीचे तुकडे मिसळले की माल बाद. घरी वापरली तर भट्टीच नको! शेंगाचटणीला रुंद तोंडाची बाटली एकदम बेस्ट, आणि उन्हाळ्यात पारा ४० च्या वर गेला की पाणी भरून कुंडीत उलटी खोचा, माती हळूहळू पाणी ओढते, एक-दोन दिवस गावाला गेलात तरी तुळस तगते. माझं मत, धड बाटली घरीच ठेवा, फुटकी मात्र जाड कागदात गुंडाळून वेगळी द्या, कचरा वेचणाऱ्या मावशींचे हात कापतात हो.