शाखांच्या सर्व्हरवर बाइंड ९ : हंगाम आणि पावसाळा काढल्यानंतर

सातपूरच्या मुख्य ऑफिसात प्रायमरी (मूळ नोंदी ठेवणारा सर्व्हर) आणि पिंपळगाव बसवंत, सिन्नर, मालेगाव, येवला इथल्या शाखांत एकेक सेकंडरी (त्यांची प्रत ठेवणारा), अशी बाइंड ९ची, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हर सॉफ्टवेअरची, मांडणी आम्ही द्राक्ष हंगामाच्या तोंडावर केली. पावसाळाही पार पडला. आता ठामपणे सांगतो, शाखा असलेल्यांनी हेच करावं.

आधी प्रत्येक मशीनवर होस्ट्स फाइल (नावं आणि त्यांच्या आयपींची यादी) हाताने भरलेली. बिलिंग सर्व्हरचा आयपी बदलला की फोनाफोनी, तरी एखाद्या काउंटरवर जुनाच पत्ता राहायचा. आता सातपूरला एक ओळ बदलायची, झोनच्या (डोमेनच्या नोंदींच्या संचाच्या) एसओए या मुख्य नोंदीतला सीरियल, म्हणजे आवृत्ती क्रमांक, वाढवायचा, रीलोड द्यायचं. नोटिफाय (बदल झाल्याची सूचना) जातो, सेकंडरी सीरियल ताडून पाहतो आणि नवा झोन ओढून घेतो. सीरियल वाढवला नाही तर मात्र शाखा ढिम्म हलत नाहीत. फाइल बरोबर, लॉगमध्ये एरर नाही, आणि येवल्यात उत्तर जुनंच! सीरियलसाठी तारीख आणि पुढे दोन आकडे, ही पद्धत सगळ्यांना सक्तीची करा.

शाखांसाठी कळीचा आकडा मात्र एक्सपायर, म्हणजे प्रायमरीशी संपर्क नसताना सेकंडरीने जुनी प्रत किती काळ वापरायची ते. पावसात मालेगावची लाइन गेली की नोटिफाय पोचत नाही, मग रिफ्रेश-रिट्रायवरच (सेकंडरीने ठरावीक वेळाने स्वतः विचारण्यावर) भिस्त. तेवढ्यात एक्सपायर उलटला तर सेकंडरी त्या झोनची उत्तरंच बंद करतो आणि शेजारच्या टेबलावरचा प्रिंटरही नावाने सापडत नाही. आरएफसी १९१२ (डीएनएसमधल्या नेहमीच्या चुकांवरचा दस्तऐवज) दोन ते चार आठवडे सुचवतो. आम्ही १२०९६०० सेकंद, म्हणजे १४ दिवस ठेवले आणि निश्चिंत झालो.

डोकं खाल्लं ते पिंपळगावने. वीज गेली, बायोसचा सेल संपलेला, मशीन जुन्याच तारखेला उठलं. ट्रान्सफरला (झोन ओढण्याला) टीएसआयजी किल्ली, म्हणजे सहीसाठी दोन्ही सर्व्हरांकडची सामायिक गुप्त किल्ली, लावलेली; त्या सहीत वेळही असते. दोन्हीकडच्या घड्याळांत साधारण ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की सही नाकारली जाते. लॉगमधलं ‘बॅडटाइम’ दिसलं तेव्हा उलगडा झाला. सेल बदलला, आणि घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपीसाठी नावाऐवजी सातपूरचा आयपी थेट दिला.

वेब पॅनेल नाही, लॉग वाचायची सवय लावावी लागते. रोज सकाळी एक छोटी स्क्रिप्ट डिग या डीएनएसला विचारणाऱ्या कमांडने सगळ्या शाखांचा एसओए विचारते आणि सीरियल जुळला नाही तर मेल करते. ती पहिल्या दिवसापासूनच लावा. शाखांत आधीपासून अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (मायक्रोसॉफ्टची यूजर आणि मशीन सांभाळणारी व्यवस्था) असेल तर तिचा डीएनएस तिच्या सर्व्हरांमध्ये, म्हणजे डोमेन कंट्रोलरांमध्ये, आपोआप रेप्लिकेट होतो, तिथे हा खटाटोप नको.