२६ मिमीचं रोटरी हॅमर: पावसाळ्यासह काही महिने वापरल्यानंतर

काँक्रीटमध्ये ठोके मारत भोकं पाडणारं हे मशीन असं आहे: ८०० वॅट, एसडीएस-प्लस चक (खाचांचं बिट चावीशिवाय बसतं तो), २.७ ज्यूलचा ठोका (ज्यूल म्हणजे एका ठोक्याची ताकद), तीन मोड (नुसतं ड्रिल, हॅमर, छिन्नी), वजन ३ किलोच्या आतबाहेर. कामं नेहमीचीच: एसीचे ब्रॅकेट, ग्रिल, किचनचे रॅक, पडद्याचे रॉड, अधूनमधून स्लॅबला हुक. या वर्गातली बहुतेक मशीनं आतून सारखीच असतात, त्यामुळे कंपनीवरून वाद नको.

मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात दुकानात उभं राहिलं की पहिला आकडा वॅटचा ऐकवतात. वॅट म्हणजे मोटर किती वीज ओढते, एवढंच. साधं १३ मिमीचं इम्पॅक्ट ड्रिलसुद्धा ७०० वॅटचं मिळतं आणि मिनिटाला ४० हजारांच्या वर ठोके मारतं. पण ते ठोके दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून निघतात. जोर तुमच्या खांद्याचा, मशीनचा नाही. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा आतला हातोडा फेकते. ठोके मिनिटाला ४-५ हजारच, पण प्रत्येक ठोक्यात दम असतो. म्हणून ज्यूल विचारा, आणि चक एसडीएस आहे का ते बघा.

खरा प्रश्न भिंतीचा आहे. गिरगावातल्या जुन्या चाळीत लाकडी सांगाडा, विटा आणि चुन्याचं प्लास्टर. तिथे हॅमर मोड लावला तर प्लास्टरचा पोपडाच हातात येतो. साधं ड्रिल पुरतं. साठ-सत्तरच्या दशकांतल्या सोसायट्यांत भिंत विटेची, पण खिडकीवरचा लिंटेल आणि बीम आरसीसीचे. पडद्याचा रॉड नेमका तिथेच लागतो, आणि इम्पॅक्ट ड्रिल तिथेच रडतं. नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीचं (साच्यात काँक्रीट ओतून भिंती उभारायचं) बांधकाम असेल तर खोलीच्या भिंतीही काँक्रीटच्या. तिथे या मशीनला पर्याय नाही. सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकला मात्र हॅमर बंदच ठेवा. भोक आतून फाकतं, स्क्रू धरणारी प्लास्टिकची गिट्टी गोल फिरत राहते आणि रॅक महिन्याभरात खाली येतो.

काँक्रीटमध्ये ६ मिमीचं भोक काही सेकंदांत होतं, तेही दाब न देता. दाबण्याचा मोह आवरा. जास्त रेटलं की हातोड्याची चाल आखडते, मशीन तापतं आणि काम उलट हळू होतं. ३० मिमी लांब गिट्टीसाठी भोक ४० मिमी खोल घ्या, कारण तळाशी भुकटी बसते. ती फुंकून काढल्याशिवाय गिट्टी ठोकू नका. कॉलमच्या सळईवर काँक्रीटचं आवरण साधारण ४० मिमी असतं, वर प्लास्टर वेगळं. अँकर (जड वजनाचा लोखंडी बोल्ट) त्याहून खोल गेला की सळई भेटू शकते. बिट पुढे सरकेना आणि आवाज टणक झाला की थांबा, भोक बाजूला घ्या. दोन धारांचं बिट सळईत अडकून मशीनच फिरवतं. क्लच कटकट करत सुटतो खरा, पण साइड हँडल लावलेलं नसेल तर मनगट आधी जातं. १० मिमीच्या पुढे चार धारांचं बिट घ्यावं. महाग आहे, तरी घ्यावं.

छिन्नी मोडवर बाथरूमच्या टाइल निघतात, वायरिंगची झिरीही पडते. अख्खं बाथरूम फोडायला मात्र हे मशीन नाही. त्याला ५ किलोचं डिमॉलिशन मशीन भाड्याने आणा. सलग छिन्नीकाम केल्यावर मशीन लगेच बंद न करता अर्धा मिनिट रिकामं फिरवा. पंखा मोटरच्याच शाफ्टवर असतो, मोटर थांबली की थंड करणारं कुणी उरत नाही.

लाकूड-लोखंडाला सोबत चावीचा चक मिळतो. तो डुलतो. ३ मिमीचं नेमकं भोक त्यात पडत नाही, त्यासाठी साधं ड्रिल वेगळं ठेवा.

एक्स्टेंशनची वायर १.५ स्क्वेअर मिमीची हवी, आणि गुंडाळी पूर्ण उलगडलेली. गुंडाळलेली वायर तापते.

कुरकुर दोन ठिकाणी झाली. चकच्या तोंडाचं रबर फाटलं, कारण स्लॅबचं काम: वरची सगळी धूळ सरळ चकमध्ये पडते. प्लास्टिकचा चेंडू अर्धा कापून बिटवर उलटा चढवला की बरीच धूळ त्यात अडते. बिट बदलताना दांड्याला बोटभर नाही, टिपूसभर ग्रीस लावायचं. दुसरं, पावसाळ्यात प्लास्टिकच्या पेटीत बिटांना गंज चढला. समुद्राकडच्या वस्तीत तर लवकरच. तेलाचा कपडा फिरवून ठेवणं एवढाच उपाय. मशीन ओलसर वाटलं तर चालू करू नका, आणि आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) पडत असेल तर तो टाळून दुसरीकडून लाइन घ्यायची नाही.

कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे, झिजणारे तुकडे) जोडीनेच बदला, ५ मिमीच्या आसपास उरले की. नवे घातल्यावर काही मिनिटं रिकामं चालवा, सुरुवातीची थोडी ठिणगी बसून जाते. ती वाढत जाऊन आत ठिणग्यांचं गोल कडं दिसायला लागलं तर मात्र आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, तपासून घ्या. घेतानाच दुकानदाराला त्याच मॉडेलचे कार्बन मागा. ते नाहीत म्हणाला तर मशीनही तिथून घेऊ नका.