क्रूझवर स्वतःची पेयं न्यावीत की जहाजावरच घ्यावीत?

क्रूझच्या तिकिटात जेवण धरलेलं असतं, पण पेयांचा हिशेब बहुतेक जहाजांवर वेगळा. म्हणून बाटली सोबत न्यायची, जहाजावर लागेल तसं विकत घ्यायचं की रोजच्या दराचं ड्रिंक्स पॅकेज (ठरावीक पैशांत दिवसभराची पेयं) घ्यायचं, हे निघण्याआधीच ठरवावं लागतं. ‘कंपनी नेऊ देते का?’ एवढं उत्तर मिळालं की बरेच जण तिथेच थांबतात. आमच्या मते त्याहून महत्त्वाचे प्रश्न दोन आहेत: रोज किती पिणार आणि कुठे बसून पिणार? एकच बाटली केबिनमध्ये उघडली तर फुकट आणि जेवणाच्या टेबलावर उघडली तर पैसे, असा बऱ्याच कंपन्यांचा नियम असतो. सगळा फरक तिथेच पडतो.

आधी मनाईचं बोलू

व्हिस्की, रम, व्होडका यांसारखी कडक दारू बाहेरून आणायला मोठ्या क्रूझ कंपन्यांपैकी बहुतेक कंपन्यांची बंदी आहे. बारची कमाई हे त्याचं एक कारण. दुसरं कारणही तितकंच खरं आहे: एखाद्याला जास्त झाली तर बारवाला त्याचा पुढचा पेग थांबवू शकतो, केबिनमधल्या बाटलीवर मात्र कुणाचंच लक्ष नसतं.

माउथवॉशच्या बाटलीत किंवा प्लास्टिकच्या पाउचमध्ये दारू भरून नेण्याचे सल्ले भरपूर फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. टर्मिनलवर सगळं सामान एक्स-रेमधून जातं. संशय आला की सुटकेस संध्याकाळी केबिनच्या दाराशी येत नाही, आणि ती उघडून दाखवायला तुम्हालाच सुरक्षा विभागात जावं लागतं. सापडलेली बाटली काही कंपन्या शेवटच्या दिवशी परत देतात. कार्निव्हलसारखी कंपनी ती टाकून देते आणि भरपाईही देत नाही. या पळवाटांचा फटका इतरांनाही बसला. सीलबंद दिसणाऱ्या पाण्याच्या बाटल्यांतून दारू येऊ लागली, म्हणून २०१५ मध्ये कार्निव्हलने प्रवाशांनी पाण्याच्या बाटल्या आणणंच बंद केलं.

वाइनचे नियम: कंपनी बदलली की गणित बदलतं

कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन यांचे नियम एकमेकांच्या जवळचे आहेत. पिण्याच्या वयाच्या प्रत्येक प्रवाशाला ७५० मिलीची एक सीलबंद वाइन किंवा शॅम्पेन नेता येते. ती पहिल्या दिवशी चढतानाच न्यायची आणि हातातल्या बॅगेतच ठेवायची. केबिनमध्ये प्यायलात तर काही द्यावं लागत नाही. डायनिंग रूममध्ये नेलीत तर बाटलीमागे १५ डॉलर कॉर्केज, म्हणजे बाहेरून आणलेल्या बाटलीवरचं शुल्क. वयाची अट अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर २१ आहे, तर युरोपातल्या बऱ्याच सफरींवर १८.

प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका इथेही माणशी एक बाटली केबिनमध्ये बिनपैशाची. मात्र त्याहून जास्त बाटल्या आणायलाही परवानगी आहे. प्रत्येक जादा बाटलीला २० डॉलर कॉर्केज लागतं, मग ती कुठेही प्या. आवडीच्या तीन-चार वाइन घेऊन जाणाऱ्यांना हे दोन पर्याय सोयीचे.

नॉर्वेजियनचा खाक्या वेगळा आहे. बाटल्यांच्या संख्येवर मर्यादा नाही, पण फुकट एकही नाही. ७५० मिलीला १५ डॉलर आणि दीड लिटरच्या मोठ्या बाटलीला ३० डॉलर, अगदी केबिनमध्ये प्यायलात तरी. खोक्यातली वाइन चालत नाही. शिवाय इथल्या बऱ्याच भाड्यांत पेयांचं पॅकेज आधीच जोडलेलं असतं. तुमच्या बुकिंगमध्ये ते आहे का, हे आधी पाहा. असेल तर बाटलीचं ओझं कशाला वाहायचं?

सगळ्यात मोकळा हात डिस्नेचा. प्रौढ प्रवाशाला दोन वाइन किंवा सहा बिअर नेता येतात, आणि त्याही पहिल्याच दिवशी नव्हे, तर वाटेतल्या प्रत्येक बंदरावर नव्याने. बिअर बाहेरून आणू देणाऱ्या मोठ्या कंपन्या फारच थोड्या, त्यामुळे बिअरवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. व्हायकिंगवर वाइन नेली तरी कॉर्केज नाही, पण तिथे दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणासोबत वाइन-बिअर भाड्यातच मिळते, म्हणून खास आवडीची बाटली असेल तरच न्यावी. दुसऱ्या टोकाला एमएससी: बाहेरचं खाणंही नाही आणि पिणंही नाही.

हे नियम बदलत राहतात. म्हणून सामान भरण्याआधी आपल्याच सफरीच्या तारखेचा नियम कंपनीच्या संकेतस्थळावर वाचून घ्यावा.

पैशाचा हिशेब

समजा, बारमध्ये वाइनचा ग्लास १२ डॉलरला आहे. त्यावर सर्व्हिस चार्ज चढतो, साधारण १८ ते २० टक्के. १८ धरला तर ग्लास पडला १४.१६ डॉलरला. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास भरतात. म्हणजे तेवढीच वाइन ग्लासाने घेतली तर ७०.८० डॉलर. तुम्ही १५ डॉलरची बाटली आणलीत आणि टेबलावर उघडलीत, तर कॉर्केजसकट ३०. केबिनमध्ये नुसते १५.

फरक मोठा वाटतो, पण आठवडाभराचा विचार करा. दोघे जण सात रात्री प्रत्येकी दोन ग्लास घेतात, म्हणजे २८ ग्लास आणि ३९६.४८ डॉलर. दोघांच्या मिळून दोन बाटल्या टेबलावर उघडल्या तर दहा ग्लास त्यातून निघतात, उरलेले अठरा विकत, आणि एकूण होतात ३१४.८८. वाचले ८१.६०. दोन्ही बाटल्या केबिनमध्ये संपवल्या तर वाचतात १११.६०. ही बचत खरी आहे, पण तिच्यासाठी काचेचं वजन विमानातून वाहायचं असेल तर नीट विचार करा. एक भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची असते.

मधला एक रस्ता फारसा कुणी सांगत नाही: जहाजावर ग्लासऐवजी पूर्ण बाटली मागवायची. ४० डॉलरची बाटली सर्व्हिस चार्जसह ४७.२० ला पडते. पाच ग्लासांपेक्षा ती बरीच स्वस्त आहे, आणि सोबत आणलेल्या बाटलीपेक्षा जेमतेम १७ डॉलरने महाग. उरलेली वाइन वाढपी बूच लावून, केबिनचा नंबर लिहून ठेवतो आणि दुसऱ्या रात्री टेबलावर आणून देतो. फक्त तसं सांगावं लागतं. वाइन साधीच प्यायची असेल तर आमचं मत या बाजूने.

पॅकेजचं गणित आणखी वेगळं. रोजचा दर ८० डॉलर धरला, तर सर्व्हिस चार्जसह ९४.४०. वरच्याच ग्लासच्या दराने रोज सात पेयं घेतली तरच पैसे वसूल, आणि तेही ज्या दिवशी तुम्ही आठ-नऊ तास बंदरावर फिरत असाल त्या दिवसांसकट. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन इथे केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. एक जण पिणारा आणि दुसरा न पिणारा असेल तर पॅकेजचा विचार तिथेच सोडावा. कार्निव्हलच्या पॅकेजमध्ये २४ तासांत दारूची १५ पेयं एवढी मर्यादा आहे. पॅकेजमध्ये बहुधा कॉफी, सोडा, बाटलीतलं पाणी हेही येतं, म्हणून मोजताना तेही धरा. सफरीत समुद्रावरचे दिवस जास्त आणि बंदरं कमी असतील तर पॅकेज परवडण्याची शक्यता वाढते.

कोल्ड्रिंक आणि पाणी

कोल्ड्रिंकच्या बाबतीत आमचा कौल सरळ आहे: परवानगी असेल तर न्या. कार्निव्हलवर माणशी ३५५ मिलीपर्यंतचे बारा सीलबंद कॅन किंवा कार्टन चालतात, बाटल्या नाही. रॉयल कॅरिबियनवर बारा नग, ५०० मिलीपर्यंतचे, बाटल्याही चालतात, पण मर्यादा केबिनमागे आहे, माणशी नाही. चौघांच्या कुटुंबाने अठ्ठेचाळीस कॅन आणले तर छत्तीस दारातच अडतात. नॉर्वेजियनवर कोल्ड्रिंकही नाही आणि पाणीही नाही. बारा कॅनचं वजन साडेचार किलोच्या पुढे जातं. त्यामुळे ते बंदराच्या शहरात पोहोचल्यावरच घ्यावेत. पुठ्ठ्याचं खोकं ओलं झालं की तळातून फाटतं, म्हणून खालून चिकटपट्टीचे दोन वेढे मारा.

पाणी मात्र वाहून नेऊ नका. जहाजावर समुद्राचं पाणी ऊर्ध्वपातनाने किंवा रिव्हर्स ऑस्मोसिसने गोडं करतात, नाहीतर बंदरावर भरून घेतात. नळाला येईपर्यंत त्यात जंतुनाशक राहील अशी व्यवस्था असते. चव थोडी औषधी लागते ती त्यामुळेच. भांड्यात उघडं ठेवून गार केलं की वास बराच कमी होतो. रिकामी बाटली सोबत ठेवा आणि बुफेवरून भरून घ्या. साधा चहा, कॉफी, सरबत आणि नाश्त्याचा ज्यूसही बुफेवर बहुधा फुकट असतो. टी-बॅग आणि कॉफीच्या पुड्या न्यायला हरकत नाही, पण विजेची किटली आगीच्या धोक्यामुळे बऱ्याच जहाजांवर काढून घेतात.

बाळाच्या दुधासाठी लागणारं पाणी आणि झोपेत श्वासासाठी लागणाऱ्या सीपॅप मशीनचं डिस्टिल्ड वॉटर यांना सहसा सवलत असते. ते सीलबंद असावं आणि कंपनीला आधी कळवलेलं असावं.

नेताना कुठे चुकतं

सगळ्यात जास्त चूक टर्मिनलच्या दारात होते. विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर द्रव चालत नाही, म्हणून वाइन मोठ्या सुटकेसमध्ये जाते. जहाजाचा नियम बरोबर उलटा: वाइन हातातल्या बॅगेतच हवी. टर्मिनलवर हमाल सुटकेस घेऊन जातो, बाटली आतच राहते आणि सुटकेस सुरक्षा विभागात अडकते. म्हणून आदल्या रात्री हॉटेलवरच बाटली बाहेर काढून खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. विमानासाठी भरताना ती आधी न गळणाऱ्या पिशवीत घाला, मग कपड्यांत गुंडाळून सुटकेसच्या मधोमध आडवी ठेवा, कडेला नको.

फिरकीच्या झाकणाची वाइन घेतलीत तर कॉर्कस्क्रूचा प्रश्नच मिटतो. बारवर जाऊन बूच काढून मागितलंत तर तिथे कॉर्केज लागू शकतं.

केबिनमधला फ्रिज बहुधा नुसता गारवा देणारा असतो, त्यात शॅम्पेन नीट थंड होत नाही. केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडून बर्फाची बादली मागवा. निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ. नुसत्या बर्फात बाटलीला मध्येमध्ये हवा लागते, पाण्याने गारवा सगळीकडून चिकटतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. प्रवासात हिंदकळलेली शॅम्पेन त्याच संध्याकाळी उघडण्याची घाई नको. आत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो. बाटली तिरपी धरा, तारेची जाळी सैल केल्यावर अंगठा बुचावरून हलवू नका, आणि बूच नव्हे, बाटली फिरवा.

वाटेतल्या बंदरावर किंवा जहाजाच्या दुकानात घेतलेली दारू बहुतेक कंपन्या लगेच ताब्यात घेऊन पावती देतात आणि ती शेवटच्या रात्री किंवा उतरण्याच्या सकाळी परत करतात. पुढे विमान असेल तर सुटकेसमध्ये तिच्यासाठी जागा आधीच राखून ठेवा. रात्री सुटकेसा दाराबाहेर ठेवून दिल्या आणि सकाळी बाटली हातात आली, तर टर्मिनलबाहेर सुटकेस मिळाल्याबरोबर ती आत घाला. विमानतळाच्या तपासणीपर्यंत ती हातात राहिली तर तिथेच सोडावी लागते.