कोर्टासमोरचं भाषांतराचं दुकान: पाचात चार तारे

बेळगावात चन्नम्मा सर्कलवरून कोर्टाकडे वळलात की टायपिंग-झेरॉक्सवाल्यांची रांग लागते. त्यातलं हे एक. दोन टेबलं, एक खोकणारा प्रिंटर, आणि कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही सारख्याच कुरकुरीने टाइप करणारे काका.

मी वकील आहे, पण इथल्या कोर्टातली नव्हे. टिळकवाडीतल्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजातनं एलएलबी, मग अमेरिकेत एलएलएम आणि न्यूयॉर्कची बार परीक्षा. आता तिकडे नोकरी करणाऱ्यांची ग्रीन कार्डची कामं करते. आई शेजारणींना अजून सांगते, पोरगी अमेरिकेच्या कोर्टात भांडते. कसलं भांडण! कितीतरी वर्षांत एकाही न्यायाधीशासमोर उभी राहिलेली नाही मी. सगळा दिवस कागदाला कागद जुळवण्यात जातो. कंपनीनं आधी जाहिराती देऊन दाखवायचं की या जागेला तिकडचा लायक माणूस मिळत नाही, मग त्या माणसासाठी आय-१४० नावाचा अर्ज भरायचा, मग रांग. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे आपली माणसं दहा-दहा वर्षं आणि त्याहून जास्त थांबतात. नंबर लागला की मात्र एकदम धावाधाव, कारण कुणाचा नंबर आला ते दर महिन्याला सांगणारं तिकडचं सरकारी पत्रक, व्हिसा बुलेटिन, त्यातली तारीख पुढच्या महिन्यात मागेही सरकू शकते. आणि नेमका तेव्हाच अर्जाला लागणारा जन्मदाखला सापडत नाही.

निपाणीकडच्या एका पक्षकाराचा सापडला, तो कन्नडमधला, आणि मुलाच्या नावाचा रकाना कोरा. नोंद बारशाआधी झालेली, नंतर नाव घालायला कोण जातंय? आपल्याकडे घरोघरी हेच. त्यानं भाषांतर आधी दुसरीकडून करून घेतलं होतं. त्या भल्या माणसानं मदत म्हणून कोऱ्या रकान्यात पासपोर्टवरचं नाव टाकलं. वर जुन्या कागदावरचं ‘बेलगाम’ काढून ‘बेळगावी’ केलं. शहराचं सरकारी नाव बदललं १ नोव्हेंबर २०१४ ला, दाखला त्याच्या कितीतरी आधीचा. तिकडच्या अधिकाऱ्याला कन्नड येत नसेल, पण कोरी जागा दिसतेच की! पुराव्याची मागणी आली. उत्तराला जास्तीत जास्त १२ आठवडे, मुदतवाढ नाही.

तेव्हा या दुकानात आले. काकांनी दाखला उजेडात धरला.

“नाव कुठाय यात?”

“नाही ना, तीच तर पंचाईत.”

“मग नाही असंच येणार, बाई. मी बारसं करत नाही.”

त्या एका वाक्याला माझे तीन तारे. चौकटी कंसात ‘कोरा’ लिहिलं, गोल शिक्क्यातला मजकूरसुद्धा उतरवला, समासातला एक शब्द पुसट होता तिथं ‘वाचता येत नाही’ असं लिहिलं. मला हवं होतं ते एवढंच.

चौथा तारा प्रतिज्ञापत्राचा. दाखल्यात उणीव असली की ज्यांना जन्माची स्वतः माहिती आहे अशांची प्रतिज्ञापत्रं जोडतात. पक्षकाराची आई आणि मामा आले. बाकी टायपिंगवाल्यांकडे तयार नमुना असतो, नाव बदलायचं की झालं. काका मात्र माउलीला बोलू देत बसले. ती आषाढातला पाऊस, रिक्षा बंद, तंबाखूच्या वखारीवरून धावत आलेला नवरा, सगळं सांगत सुटली. मी मनात म्हटलं, आता चार पानं होणार. झालं एकच पान. पाऊस गेला, दवाखान्याचं नाव, वार, सोबत कोण होतं आणि नाव नंतर ठेवलं हे राहिलं. शिवाय ते तिला मराठीत वाचून दाखवूनच सही घेतली. हे शेवटचं किती ठिकाणी होतं, विचारू नका.

आता तक्रारी. काकांना नोटरीच्या शिक्क्याचं वेड आहे. प्रतिज्ञापत्राला ठीक, पण भाषांतराला अमेरिकेचं इमिग्रेशन खातं नोटरी मागत नाही. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात, एवढं भाषांतरकारानं स्वतः लिहून सही केली की पुरे. दर वेळी सांगते, दर वेळी ते “असू दे की, वजन येतंय” म्हणतात आणि शिक्क्याचे पैसे वेगळे लावतात. दुसरं स्पेलिंगचं. गणपतीच्या ‘त’ला ते दक्षिणेकडच्या रिवाजानं ‘एच’ जोडणारच. पासपोर्टची प्रत बरोबर न्या आणि प्रिंटपूर्वी स्क्रीनवर अक्षर न् अक्षर बघा. व्हॉट्सॲपवर फोटो मागितला तर तिरका येतो, त्यात कोपऱ्यात चहाचा कप.

पानाला तीनशे रुपये घेतले. सकाळी अकराच्या आत जा. नंतर जामिनाचे कागद घेऊन वकिलांची गर्दी होते आणि काका तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत. मी गेल्या आठवड्यात साडेबाराला गेले, तर म्हणाले, “अमेरिकेला सांगा, उद्या या.”