रायझन ५ ५६००एक्स आणि बोर्डचं तयार ऑटो ओव्हरक्लॉक: आठ महिन्यांनंतर

दसऱ्याला नवा कॉम्प्युटर जोडला, आता जून उजाडला. लिहायला मुद्दाम थांबलो. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर ऑटो ओव्हरक्लॉकचं, म्हणजे प्रोसेसर नेहमीपेक्षा जास्त वेगाने पळवणाऱ्या बोर्डच्या तयार सेटिंगचं, तोंड भरून कौतुक केलं असतं, आणि कुणीतरी ते वाचून तीच सेटिंग लावली असती.

सामान इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून घेतलं: एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२०० ची ८-८ जीबी रॅम, वर टॉवर कूलर. जोडणी घरीच केली, रामबागेत, जेवणाच्या टेबलावर. काम म्हणाल तर आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून साफ करणं आणि घरच्या समारंभांचे व्हिडिओ एडिट करणं.

बोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, एक तयार सेटिंग होती. ती चालू केली की तीन गोष्टी एकदम व्हायच्या: प्रोसेसरवरची ७६ वॅटची मर्यादा उठायची, कमाल वेग २०० मेगाहर्ट्झने वाढायचा आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरला मिळणारं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सोय) सहाही कोअरना, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या स्वतंत्र भागांना, सरसकट उणे ३० लागायचा. सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरवर ताण देऊन वेगाचे गुण देणारी चाचणी, अर्धा तास चालवलं, काही झालं नाही. गुणही वाढले. मी निर्धास्त झालो.

नोव्हेंबरात एका रात्री अकराच्या सुमारास आईची एक ओवी नुकतीच पुरी झाली होती. ती पाण्याचा पेला घेऊन शेजारी बसली होती, मी फाइलला नाव देत होतो. स्क्रीन काळा झाला. पंखे फिरत होते, कॅबिनेटचा दिवा लागलेला होता, आणि दोन सेकंदांत मशीन आपोआप रीस्टार्ट झालं. ओवी गेली. आईने ती पुन्हा म्हटली, पण पहिल्या वेळी आजीच्या आठवणीने मध्येच तिचा आवाज कापरा झाला होता, तो काही परत मिळाला नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

पुढचे पाच आठवडे शोधण्यात गेले. रेंडर चालू असताना मशीन कधीच बंद पडायचं नाही. ब्राउझर उघडताना, गाणं ऐकताना, कधी नुसतं चालू ठेवलेलं असताना पडायचं. दुकानात सांगितलं तर उत्तर आलं, “भिया, विंडोज दुबारा डाल लो.” तेही केलं. मेमटेस्ट८६ चे चार फेरे केले, रॅममध्ये एकही चूक निघाली नाही. भावोजींचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) लावून पाहिला, तरी तेच.

उत्तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, सापडलं. तिथे कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसेल, त्यावर थांबू नका. मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं, एवढंच तो सांगतो. आसपास डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या भागाची) १८ नंबरची नोंद शोधा. माझ्याकडे तिथे ‘कॅश हायरार्की एरर’ (प्रोसेसरच्या आतल्या मेमरीतली चूक) होती आणि खाली एपीआयसी आयडी, म्हणजे थ्रेडचा क्रमांक, दर वेळी ४ नाहीतर ५. एका कोअरचे दोन थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या दोन रांगा) आणि मोजणी शून्यापासून, म्हणून बाकी सोडून दोनाने भागायचं: कोअर २.

सगळे कोअर एकदम राबतात तेव्हा प्रत्येकाचा वेग थोडा उतरतो, म्हणून सिनेबेंच पार पडतं. हलक्या कामात मात्र एखादाच कोअर क्षणभर शिखरावर जातो. तिथे त्याला जास्त व्होल्टेज हवं असतं आणि नेमकं तेच कापलेलं असतं. कर्व्हची एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची, म्हणजे उणे ३० ला ९० ते १५० मिलिव्होल्ट गेले. त्यातून कोअर २ माझ्या चिपमधला सगळ्यात चांगला. चांगल्या कोअरना बहुधा कारखान्यातूनच कमी व्होल्टेज मिळतं, त्यात आणखी कापायला फारशी जागा उरत नाही.

मग तयार सेटिंग बंद केली. वाढीव २०० मेगाहर्ट्झ काढले, मर्यादा परत ७६ वॅटवर आणली आणि प्रत्येक कोअर वेगळा घेतला. सुरुवात उणे १० पासून. रात्री कोअरसायकलर लावून झोपायचं. तो एका वेळी एकाच कोअरवर प्राइम९५ ही ताणाची चाचणी चालवतो. पास झाला की पाच पायऱ्या पुढे, चुकला की पाच मागे. नऊ रात्री लागल्या. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही रीस्टार्ट नाही.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. बाहेर ४२ अंश, खोलीत फक्त पंखा, आणि रेंडरमध्ये प्रोसेसर ७६ अंशांच्या पुढे गेला नाही. तयार सेटिंगवर तो हिवाळ्यातच ८६ दाखवायचा. याची कमाल मर्यादा ९५ आहे. वीस मिनिटांच्या व्हिडिओचा एक्सपोर्ट जेमतेम अर्ध्या मिनिटाने लांबला. तेवढ्यासाठी ती सेटिंग मी पुन्हा कधी लावणार नाही. ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, हेही लक्षात असू द्या. प्रोसेसरवर मात्र मी पूर्ण समाधानी आहे.

बायोस अपडेट केलं की हे आकडे पुसले जातात. माझे पुसले गेले होते, म्हणून आता कॅबिनेटच्या पत्र्याला आतून कागद चिकटवलाय: कोअर ० उणे १५, १ उणे २०, २ उणे ५, ३ उणे २०, ४ उणे १०, ५ उणे २५. हे माझ्या चिपचे आहेत, तुमचे तुम्हालाच काढावे लागतील.